तीस ठोके

मी फावडं बोलतोय. शेतातलं नव्हे, बर्फातलं. आणि आधीच सांगतो, माझं माझ्या मालकाशी अजिबात पटत नाही. युलिसेस आंतिपान त्याचं नाव. बारिलोचे गावाजवळच्या डोंगरात लोकांना स्कीवर फिरवून आणतो आणि स्वतःला बर्फाचा जावई समजतो!

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, माणसं वाचवीन. याने काय केलं? माझ्यावर चोरिसो सॉसेजचे तुकडे परतले. मला बुडाखाली घेऊन घसरगुंडी खेळला. गंजणारी जात नाही माझी, नाहीतर रागानेच गंजलो असतो.

माझं खरं काम वेगळं. उतारावर जायच्या आधी खड्डा खणायचा, बर्फाचा एक ठोकळा मोकळा करायचा, त्यावर माझं पातं ठेवायचं आणि ठोकायचं. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. ठोकळा लवकर सरकला तर उतारही कोसळणार, मुकाट्याने मागे फिरायचं.

ऑगस्टातली गोष्ट, इथे तेव्हा ऐन हिवाळा. अकरा दिवस वादळाने कोंडून घातल्यावर युलिसेस आणि त्याची मोठी बहीण नेलिदा दक्षिणेकडच्या सावलीतल्या उतारावर आले. याला तो उतार हवाच होता. खणतानाच मला तळाशी साखरेसारखा भुसभुशीत थर लागला. त्याच्या हातालाही कळलं असणार, पण हा खणतच राहिला.

मग ठोकायला लागला. ठोकणं कसलं, माशी हाकलत होता!

“अरे, बाळ थोपटतोयस का?” नेलिदा म्हणाली. “जोरात मार की.”

“ताई, तू मोज. मारायचं मला कळतं.”

“मला तो खालचा थर आवडलेला नाही. मागे फिरू या.”

“मग घरी स्वेटर विणत बसायचं होतंस!”

तीस झाले. ठोकळा उभाच. आतून तो कुरकुरत होता, मला ऐकू येत होतं, पण मला विचारतो कोण?

युलिसेस आधी उतरला. काही झालं नाही. खाली एका बाजूला थांबून त्याने हात हलवून तिला बोलावलं. ती मध्यावर आली आणि अख्खा उतार फुटला.

शोधयंत्राने ती बर्फाखाली सव्वा मीटर खोल दाखवली. तेव्हा काय जोर आला हो त्याच्या खांद्यात! रडत होता आणि शिव्या मला देत होता. मला! मी राग गिळला, कारण खाली ती होती. बारा मिनिटांनी तिचं तोंड मोकळं झालं. निळी पडली होती. मग खोकली. डावा हात मोडला होता.

हात गळ्यात बांधून त्याने तिला डोंगरावरच्या निवाऱ्यात आणलं. तिथे एक वही असते. बर्फ कसा आहे ते त्यात लिहायचं, उद्या जाणारे ते वाचून जातात. नालायकाने लिहिलं, ‘तीस ठोके. ठोकळा हलला नाही.’

नेलिदाने वही ओढली आणि खाली लिहिलं, ‘माझा भाऊ हळू मारतो. या उतारावर जाऊ नका.’

“ताई, माझा धंदा बसेल गं!”

“बसू दे.”

त्याने पान फाडायला हात घातला. तिने मोडका हात उचलून वहीवर ठेवला. तो बाजूला करायची त्याची हिंमत झाली नाही.

मला दाराआड टाकून तो निघून गेलाय. कुणीही न्या मला, कृपा होईल. फक्त तो विचारत आला, तर फावडं इथे नाही म्हणून सांगा.