पिंपाची खूण

एकोणीस वर्षं ती एका सात मजली कचेरीत लिफ्ट चालवत होती. वर जायचं, खाली यायचं. हातात पितळी दांडा, पाठीमागे लोकांचे श्वास. मग बटणांची लिफ्ट आली आणि लोक आपापलं बोट घेऊन वर जाऊ लागले. तिला निरोप म्हणून एक घड्याळ मिळालं.

ट्रक कंपनीचं पत्रक तिला त्यानंतर दोन महिन्यांनी दिसलं. सहा आठवडे शिक्षण, राहणं-जेवण कंपनीचं. परीक्षा पास झालात तर त्याच संध्याकाळी नेमणूकपत्र, आणि पुढची दोन वर्षं कंपनीचेच ट्रक चालवायचे. नापास झालात तर घरी. वयाची अट पंचेचाळीस. परीक्षेनंतर नवव्या दिवशी तिला पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे संधी एकच.

ती राहायची दादाकडे. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याने पत्रक दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "अगं, सायकल शिकताना तू कुंपणात घुसली होतीस. ते कुंपण अजून वाकडं आहे."

वहिनी आतून म्हणाली, "घुसली तर घुसली, पलीकडे तर गेली!"

ती गेली.

शाळा म्हणजे गावाबाहेरचं एक सिमेंटचं मैदान, कडेला पत्र्याची शेड, आणि तीन बाजूंना फक्त आकाश. ट्रकच्या केबिनला तीन पायऱ्या होत्या. वर बसलं की मैदान पाण्यासारखं पसरलेलं दिसे, आणि मागे सोळा मीटर लांबीचा ट्रेलर इतका गप्प उभा असे, की तो आपलाच आहे हे वारंवार आठवावं लागे. पहिल्या दिवशी ट्रक हलला तेव्हा तिला वाटलं ट्रक जागेवरच आहे, शेडच मागे निघाली आहे. एकोणीस वर्षांत पुढे जाणं ही गोष्टच तिच्या अंगवळणी पडली नव्हती.

शिकवायला मास्तर होते. तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेले, अंगाने काडीसारखे, आवाजाने भोंग्यासारखे. गिअर टाकला की ती दोन सेकंद थांबायची. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत थांबायची सवय हाडात गेली होती.

"बाई, कोण चढायचं राहिलंय?" मास्तर विचारायचे.

सगळी बॅच हसायची. तीही हसायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा थांबायची. तिचं नाव 'लिफ्टबाई' पडलं ते तेव्हापासूनच.

पुढे जाणं महिनाभरात जमलं. खरी मेख होती मागे येण्यात. गोदामाच्या फलाटाला ट्रेलर उलटा नेऊन लावायचा, तर स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे वळतो. झोपेत चालणाऱ्या माणसाला जागं न करता अंथरुणापर्यंत आणावं, तसं काम. जरा घाई केली की तो आडवा होऊन बसतो. मैदानात दोन बाजूंना रबरी शंकू आणि टोकाला रबर लावलेला ओटा, असा खोटा फलाट केला होता. उलटं घेण्याच्या पहिल्या आठवड्यात तिने त्यातले किती शंकू चिरडले याची मोजदाद मास्तरांनीही सोडून दिली.

तोडगा आणला बेकरीवाल्याने. हा बॅचमधला एक तरणाबांड गडी, आधी बेकरीची व्हॅन चालवायचा, त्यामुळे सगळं येतं अशा थाटात वावरायचा. त्याने तिला शेडच्या भिंतीजवळचं एक निळं पिंप दाखवलं.

"ते बघा, ताई. पिंप उजव्या आरशाच्या मधोमध आलं की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. अर्धं दिसेनासं झालं की सरळ. डोळे मिटून जमेल."

"मास्तरांना माहीत आहे?"

"मास्तरांना काय ढेकळं कळतंय!"

आणि खरंच जमलं. पिंप आरशात तरंगत येई, मधोमध थांबल्यासारखं होई, तिचे हात आपोआप वळत, आणि ट्रेलर शंकूंच्या मधून अलगद आत शिरे. मास्तर खालून ओरडत, "ट्रेलर बघा, बाई, ट्रेलर!" ती मान हलवी आणि पिंप बघे. रात्री झोपेतही तिला ते दिसे, निळं, शांत, देवासारखं जागेवर बसलेलं.

परीक्षेच्या दिवशी धुकं पडलं. मैदान नव्हतंच, पांढऱ्यात कुठेकुठे शंकूंची टोकं होती. परीक्षक कंपनीच्या मुख्य कचेरीतून आले होते, हातात फळी, फळीवर कागद. नियम साधा होता. एकूण दहा चुका माफ, अकरावीला नापास. शंकूला धक्का ही एक चूक. फलाटाला लावताना दोनदा खाली उतरून बघता येईल. तिसऱ्यांदा उतरलं तर दोन चुका धरल्या जातील.

रस्त्यावरची परीक्षा आधी झाली. तिच्या आठ चुका निघाल्या, त्यातल्या पाच नुसत्या थांबण्याच्या. उरल्या दोन.

मैदानात पहिला नंबर बेकरीवाल्याचा. तो शीळ घालत चढला आणि काही मिनिटांत एकामागून एक शंकू आडवे झाल्याचे आवाज धुक्यातून आले. उतरला तेव्हा चेहरा मैद्यासारखा.

"ताई, पिंप नाहीये," तो एवढंच म्हणाला.

ती वर चढली. उजव्या आरशात भिंत होती, भिंतीपुढे पांढरं धुकं, आणि जिथे देव असायचा तिथे काही नव्हतं. हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. दादाचं वाकडं कुंपण आठवलं. मग तिने ब्रेक ओढला आणि खाली उतरली.

ट्रेलरच्या कडेकडेने ती चालत गेली, एक हात पत्र्यावर ठेवून. पत्रा गार होता, दवाने ओला. सहा आठवड्यांत ती या बाजूने एकदाही चालली नव्हती. मागची चाकं कुठे आहेत, शंकू कुठे, कोपरा कुठवर येतो, सगळं तिने बघितलं. परत चढली, थोडं मागे घेतलं. पुन्हा उतरली, पुन्हा बघितलं. या वेळी आरशात पिंप शोधावंसं वाटलं नाही. ट्रेलरचा कोपरा दिसत होता आणि तो कुठे जातोय हे कळत होतं.

अर्ध्याहून जास्त आत गेल्यावर डावा कोपरा धुक्यात विरघळला. आत जाईल की धडकेल, सांगता येईना. उतरण्याची मुभा संपली होती. उतरलं तर दोन्ही उरलेल्या चुका गेल्या. मग एक शंकू हलला तरी खेळ खल्लास. न उतरता नशिबावर सोडलं तर कदाचित काहीच होणार नाही. खालून परीक्षकांची पेन्सिल फळीवर टकटक वाजत होती.

ती उतरली.

शंकू आणि ट्रेलर यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. तशीच मागे गेली असती तर तीन शंकू झोपले असते. तिने चढून ट्रक पुढे घेतला, सरळ केला, आणि मुंगीच्या पावलाने मागे आली. फलाटाच्या रबराला ट्रेलर टेकला तेव्हा आवाजही झाला नाही.

"दहा," परीक्षक म्हणाले आणि कागद उलटला. "पास."

मास्तर शेडच्या आडोशाला उभे होते. ती तडक त्यांच्याकडे गेली.

"पिंप कुणी हलवलं?"

"मी. दर परीक्षेला हलवतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दर बॅच ते पिंप नव्याने शोधून काढते, बाई. आणि दर बॅचला वाटतं, मास्तर आंधळा आहे."

"अहो, मग सांगायचंत तरी!"

"रोज बोंबलत होतो. ट्रेलर बघा, ट्रेलर बघा. पिंप काय, प्रत्येक गोदामात ठेवणारेत का तुमच्यासाठी?"

तिला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. बेकरीवाला पुढच्या बॅचला पुन्हा येणार होता. त्याच्याकडे वय होतं.

संध्याकाळी सही करून तिने घरी फोन लावला.

"झाली नोकरी, दादा. सोमवारी पहिली फेरी. आपल्या चौकावरूनच जाणार आहे, पण थांबता येणार नाही."

पलीकडे दादाने हाक मारून वहिनीला बातमी सांगितली.

"किती वाजता?" दादाने विचारलं.

"बाराच्या सुमारास."

सोमवारी ऊन स्वच्छ होतं. चौक दिसायला लागला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. सावलीच्या बाजूला वहिनी दुकानाच्या पायरीवर बसली होती, आणि दादा फुटपाथच्या अगदी कडेला उभा राहून, तिच्या पुढच्या, त्याच कंपनीच्या दुसऱ्याच ट्रकला दोन्ही हात हलवत होता. आधीच्या ट्रकांनाही हलवून हात दुखले असावेत; मधूनच तो ते झटकत होता. तिने भोंगा दाबला. दादाने वळून बघितलं, वर, आणखी वर, आणि त्याला ती दिसली. तो काहीतरी ओरडला. काय ते इंजिनात ऐकू आलं नाही, आणि सिग्नल हिरवा होता.