म्हाताऱ्याचा दम

"आधी कान लाव, मग पाना." माझे सासरे, मामंजी, हे इतक्या वेळा म्हणायचे की ते जाऊन तीन वर्षं झाली तरी शेडचं दार सरकवलं की आधी ते वाक्य ऐकू येतं आणि मग डिझेलचा वास येतो.

शेडमध्ये त्यांचा ट्रॅक्टर आहे. घरात सगळे त्याला म्हातारा म्हणतात. परवा सकाळी तिथे माझे यजमान आणि धाकटे दीर बाह्या सरसावून उभे होते. मी किटलीत चहा घेऊन गेले तेव्हा निकाल ठरत होता.

"दादा, महिन्याभरात पाच वेळा बंद पडलाय हा. सुरू होतो, पाव तास चालतो, मान टाकतो. भंगारवाल्याला बारा वाजता बोलावलंय. तोवर सलग अर्धा तास चालला तर राहू दे. नाही तर गेला."

"बरं," यजमान म्हणाले. तेही थकले होते.

मला त्यांना अडवायचं होतं, पण बोलता येईना. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी मौन पाळते. हा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. लिहूनही सांगायचं नाही, हातवारेही नाहीत. नाही तर जीभ गप्प आणि माणूस बडबडतंच आहे, असं व्हायचं. घराला सवय आहे. धाकटी जाऊ तर म्हणते, "ताईंशी भांडायचं तर सकाळी भांडावं. जिंकता येतं."

अडवायचं होतं ते दाईआजीसाठी. माझी दोन्ही मुलं तिच्या हातावर जन्मली, आणि आता पाना घेऊन उभे असलेले हे दीरसुद्धा. तिच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा आहे आणि त्याचं फाटक इतकं अरुंद, की नवे ट्रॅक्टर आत शिरतच नाहीत. म्हातारा तेवढा जातो, तोही अंग चोरून. मामंजी दर वर्षी तो नांगरून द्यायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला विचारलं होतं, "तुला चालवायला शिकवलंय ते कशाला? आजीचा तुकडा बघशील ना?" मी हो म्हटलं होतं. दिलेला शब्द आणि धरलेला नेम यांत मला कधी फरक करता आला नाही. आदल्या दिवशीच आजीच्या खिडकीत कोंब आलेले बटाटे ओळीने मांडलेले पाहिले होते. "जमीन कधी मोकळी होतेय याची वाट बघतायत बिचारे," म्हणाली होती.

नऊ वाजता कामाला सुरुवात झाली. फिल्टर काढला, तो काजळीच्या डबीसारखा काळा. नवा बसवला. मग पंपाजवळचा स्क्रू सैल करून नळीतली हवा काढली. डिझेलबरोबर बुडबुडे आले, मग निव्वळ धार आली, तेव्हा स्क्रू आवळला. सेल्फ मारला. म्हातारा खोकला, धुराचा एक गोळा टाकला आणि छान धडधडायला लागला.

"बघ!" यजमान म्हणाले.

बारा मिनिटांनी त्याने मान टाकली.

"बघितलं," दीर म्हणाले.

यजमानांनी नळी काढून तोंडाने फुंकली. कचरा तर निघाला नाहीच, डिझेलचा घोट मात्र पोटात गेला. ते थुंकत अंगणभर फिरले. दारात जाऊ उभीच होती. "भावजी, आता तुम्हालाच सेल्फ मारून बघू का? पाव तास तरी चालाल."

पुन्हा जोडला, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं दोनदा झालं. दीर म्हणाले, पंप गेला. यजमान म्हणाले, पंप गेला असता तर सुरूच झाला नसता. दोघेही एकदम बोलायला लागले. मी कोपऱ्यात डब्यावर बसून कपबशा पुसत होते. बोलणाऱ्याला नीट ऐकू येत नाही. मला येत होतं.

बंद पडताना म्हातारा एकदम थांबत नव्हता. आधी आवाज बारीक व्हायचा. कुणीतरी नाकतोंड दाबून धरावं तसा तो घुसमटत जायचा. आणि दर वेळी दीर, डिझेल किती उरलं ते काठी घालून बघायला, टाकीचं झाकण उघडायचे. तिसऱ्या वेळी मला ऐकू आलं. झाकण फिरताच टाकीने हवा आत ओढली. सूंऽऽ.

मी हातातली बशी खाली ठेवली.

त्या झाकणात एक बारीक भोक असतं. डिझेल खाली गेलं की तेवढी हवा त्यातून आत यावी म्हणून. ते बुजलं तर टाकीच डिझेल धरून बसते, खाली सोडत नाही. महिन्यापूर्वी शेड झाडताना मला ते भोक दिसलं होतं. मामंजींची वस्तू, तिच्यात धूळ जाते, पाणी जातं, म्हणून मी मेणबत्ती पेटवली आणि दोन थेंब टाकून ते बुजवलं. वर फडक्याने चकचकीत पुसलंसुद्धा.

साडेअकराला तीन-चार मिनिटं कमी होती. बोलायला बंदी, पण काम करायला नव्हती. मी उठले, केसातली पिन काढली, दिरांच्या हातातून झाकण घेतलं आणि मेण टोकरायला लागले.

"वहिनी, तिथे काय भरतकाम काढलंत?"

मी झाकण उजेडाकडे धरलं. भोकातून आभाळाचा ठिपका दिसला. ते टाकीवर फिरवून घट्ट केलं आणि डब्यावर जाऊन बसले. यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सेल्फ मारला.

दहा मिनिटं. बारा. पाव तास. वीस मिनिटं झाली तशी जाऊ हळूच माझ्याशेजारी येऊन बसली. भंगारवाला पाच मिनिटं आधीच आला आणि चालू ट्रॅक्टरकडे बघत दारात थबकला. म्हणाला, "मला तर मयत आहे म्हणून सांगितलं होतं."

घड्याळात बारा वाजले. म्हातारा धडधडत होता.

मी तोंड उघडलं. "ते भोक मीच बुजवलं होतं. मेणाने."

यजमानांचं पोट हसून हलायला लागलं, दीर तर चाकाला टेकून खालीच बसले. "नवा फिल्टर, पंपाची बदनामी, दादाच्या पोटात डिझेल," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि आरोपी रोज सकाळी आम्हाला चहा देत होती!"

"अर्धा दिवस गप्प बसून पहिलं वाक्य काय, तर गुन्हा कबूल," जाऊ म्हणाली.

भंगारवाल्याला चहा दिला. तो, दीर आणि यजमान, पंप खरंच चांगला आहे का यावर तावातावाने बोलायला लागले. मी पदर खोचला, सीटवरची धूळ झटकली, पायरीवर पाय ठेवून वर चढले. कुणाचं लक्ष नव्हतं. नांगर मागे जोडलेलाच होता. गिअर टाकला, क्लच हळू सोडला, आणि आजीच्या फाटकाच्या दिशेने म्हाताऱ्याला वळवलं.