गळकी कोण?

मित्रांनो, दारामागच्या खिळ्याला लटकलेली जुनी छागल म्हणजे मी. छागल ठाऊक नसेल तर सांगते: जाडजूड कापडाची पाण्याची पिशवी. माझ्या अंगातून पाणी जरा जरा पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. एका माणसाला एवढं साधं कळलं नाही, आणि मीही त्याला सोडलं नाही.

ताडपत्र्या शिवणाऱ्या एका बाईने मला शिवलं आणि माझ्या गळ्यात लोखंडी साखळीचं बूच अडकवलं. मग वर्षानुवर्षं मी आमच्या ट्रक ड्रायव्हर उस्तादांच्या ट्रकला टांगलेली असे. रणरणत्या उन्हात घोट घेऊन ते म्हणत, "आहाहा! जिवात जीव आला गं बाई!" मला कोण अभिमान वाटायचा! पुढे ट्रक विकला गेला आणि मी या खिळ्यावर धूळ खात पडले.

यंदा भर उन्हाळ्यात घरचे सगळे जुन्या किल्ल्यांचं शहर बघायला निघाले. उस्तादांच्या लेकीने टोप्या, सुती कपडे, चालायचे बूट, साखर-मिठाची पुडी, सगळं आठवणीने भरलं. जावईबापूंनी काय घेतलं? चकचकीत बाटली आणि पांढरीशुभ्र पँट! उस्ताद मला भिजवून घेऊन आले, तर जावईबापू ओरडले, "बाबा, ही गळकी ब्याद कशाला? परत आल्यावर हिचं पायपुसणं करून टाकू!"

गळकी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पायपुसणं व्हायच्या आधी तुला बघून घेते, असं मी मनाशी ठरवलं.

किल्ल्याच्या दाराशी तिकिटाची ही लांब रांग आणि सावली औषधालाही नाही. जावईबापूंच्या बाटलीतलं पाणी चहाइतकं तापलं. उस्तादांच्या खांद्यावरची मी मात्र गारेगार! लेक प्यायली, उस्ताद प्यायले. शेवटी जावईबापू खाली बघत पुटपुटले, "बाबा, जरा एक घोट..."

"घ्या की," उस्ताद म्हणाले. "गळकी आहे, चालेल ना?"

जावईबापू कट्ट्यावर टेकले, मला मांड्यांत दाबून धरलं आणि बूच ओढायला लागले. मी बूच घट्ट धरून ठेवलं. ते इरेला पेटले, दातओठ खाऊन ओढू लागले. मग मी एकदम सोडलं. सगळं पाणी भसकन पँटवर, आणि तेही नको तिथे! अख्खी रांग फिदीफिदी हसली. लेक तोंडाला रुमाल लावून म्हणाली, "अहो, तुम्हीच गळताय की!"

उस्तादांना पाणी उरलं नाही, एवढंच मला वाईट वाटलं. मला पुन्हा भरून आणायला जावईबापूच गेले, तसल्या पँटने, सगळ्यांच्या देखत.

मित्रांनो, उन्हात फिरायला निघाल तर टोपी घ्या, गार पाणी घ्या, आणि म्हाताऱ्या वस्तूंना नावं ठेवताना तोंड सांभाळा. आम्ही सगळं ऐकत असतो. माझ्या गंजक्या साखळीचा डाग त्या पँटवरून काही केल्या निघाला नाही. दाराशी पायपुसणं दिसतंय ना? तीच पँट आहे ती. जावईबापू रोज तिच्यावर पाय पुसतात आणि मी खिळ्यावरून बघत असते.