तिसऱ्या वडीवरचा बगळा

एक मासा होता. आता नाही.

खिडकीपाशी एक भिंग, भिंगामागे एक भलामोठा डोळा.

"काही वेगळं वाटतंय का गं?"
"छे, तोच तर आहे."

मोरीतून वाहून गेलेले लाखो पक्षी.

दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी दोन वड्या. त्यांतली एक खोटी.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझ्याच आयुष्याचे आहेत. मी एक जुना पितळी ठसा आहे. साबणाच्या ओल्या वडीवर माझं तोंड दाबलं की बगळा उमटतो. चोचीत मासा, एक पाय वर. निदान सुरुवातीला तसा उमटायचा. आता कसा उमटतो ते दहा जणांना विचारा, आणि दहाही जणांवर विश्वास ठेवू नका.

मला काकांनी खिडकीपाशी बसून, भिंगातून बघत कोरलं. कारखान्यात सगळे त्यांना काकाच म्हणत. ठसा उलटा कोरावा तेव्हा सुलटा उमटतो. हाताला इतकी सवय झालेली, की काका कधी कधी सहीसुद्धा उलटी करून मोकळे व्हायचे. पहिली कितीतरी वर्षं मी मान ताठ ठेवून काम केलं. दुकानात साबणाचं नाव कोणी घेत नसे. "बगळ्याची वडी द्या," एवढंच. ते ऐकून मी फुगायचो. पितळ फुगत नाही म्हणतात, पण फुगतं.

मग मालकांना काळजी लागली. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी होत होती, आणि त्यांच्या मुली-सुनांना माझा बगळा कडक वाटत होता. बदल तर हवा, पण जुनी माणसं बिथरायला नकोत. म्हणून कारखान्यात एक अलिखित नियम झाला. बदल करायचा तो केसाएवढा, आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचा नाही. नवी वडी आधी मालकांच्या घरातल्या मोरीत ठेवायची. आठवडाभर घरातल्या बायका काही बोलल्या नाहीत, तरच ती बाजारात. मूळची एक वडी आणि मग प्रत्येक बदलाची पहिली वडी आकडा घालून टेबलाच्या खणात जायची.

मला ठेवायच्या डब्याचं झाकण उघडलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. आज काय काढणार? दुसऱ्या वडीच्या वेळी मान जाड झाली. तिसऱ्या वेळी माशाची शेपटी गेली. मग घरात नवी सून आली. ती हसत म्हणाली, "बाबा, अंगाला लावायच्या वस्तूवर मासा? वास येतोय असं वाटतं हो!" चौथ्या वेळी मासाच गेला. मग चोच आखूड झाली, वरचा पाय खाली आला, आणि सातव्या वेळी बगळ्याच्या डोळ्यात हसू आलं. प्रत्येक वेळी मला दगडावर घासून सपाट करत आणि नव्याने कोरत. दर खेपेला मी थोडा पातळ होत गेलो.

आणि दर खेपेला तोच प्रश्न. "काही वेगळं वाटतंय का?" उत्तरही तेच. "नाही." न बघता दिलेलं उत्तर होतं ते. ओळखीच्या वस्तूकडे कोणी बघत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सातव्या वडीनंतर माल परत येऊ लागला.

अख्ख्या वस्तीला साबण एकाच मोठ्या दुकानातून जायचा. त्या दुकानाने तोंड फिरवलं, तर कारखान्याला कुलूप. दुकानदाराने सूनबाईंना बोलावून घेतलं. तोवर कारखाना त्याच बघत होत्या. त्यांनी मला रुमालात गुंडाळलं, एक ओली वडी बरोबर घेतली आणि निघाल्या.

"वहिनी, राग मानू नका," दुकानदार म्हणाला, "पण गिऱ्हाईक म्हणतं, हा नकली आहे. खरा माल हा. तुमच्याच कारखान्याचं नाव सांगून एक माणूस देऊन जातो."

त्याने फळीवर दुसरी वडी ठेवली. मी रुमालाच्या फटीतून पाहिलं आणि गार पडलो. एक पाय वर, चोच लांब, चोचीत मासा. माझंच तरुणपणीचं तोंड! कोणीतरी जुन्या वडीवरून आयता उचललेला. खरं सांगतो, क्षणभर मलाच वाटलं की खरा तो, आणि मी कोणीतरी भलताच.

"हा ठसा आमचा. बघा," म्हणत सूनबाईंनी मला ओल्या वडीवर दाबलं. दोन्ही पायांवर उभा, हसरा बगळा उमटला.

काउंटरपाशी एक मावशी उभ्या होत्या. चाळीस वर्षं हाच साबण वापरणाऱ्या. त्यांनी वडी नाकाशी नेली, लांब धरली, जवळ धरली. "अगं बाई, मग ठसाच खोटा आहे की तुझा! हे बदक कुठलं आणलंस?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हे. माझी साक्ष माझ्यावरच उलटली.

घरी मालक आरामखुर्चीत ऐकत होते. "खण उघडू नकोस," ते म्हणाले. "लोक म्हणतील, इतकी वर्षं फसवलं."

"बाबा, ते आपण न सांगताच म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी अख्खा खणच दुकानात नेला. वाळून तडकलेल्या सात वड्या ओळीने मांडल्या. गिऱ्हाइकं गोळा झाली. मावशी बोट फिरवत एकेका बगळ्यापाशी थांबल्या. चौथ्यापाशी बोट अडकलं.

"याचा मासा कुठे गेला?"

"काढला, मावशी. अठरा वर्षं झाली."

"आणि मी रोज अंघोळ करते याने! मला सांगायचं नाही होय?"

"चुकलं आमचं."

मावशींच्या मागे उभी असलेली त्यांची नात पुढे वाकली. "आजी, मला तर हाच माहितेय, शेवटचा. मला वाटायचं बदकच आहे."

"बघा!" मावशी विजयाने म्हणाल्या.

सूनबाईंनी दुकानदाराकडची वडी उचलून तिसऱ्या वडीशेजारी ठेवली. दोन्हींवर तोच लांब चोचीचा बगळा. दोन्ही मासे बिनशेपटीचे. "भाऊ, हा ठसा अठरा वर्षांपूर्वी घासून गेला. मग तुमच्याकडे ही वडी अजून ओली कशी?"

दुकानदाराने अंगठा दाबला. वडी दबली. त्याने त्या खोट्या वड्यांचं खोकं फळीवरून खाली काढलं आणि आमचं वर ठेवलं.

मावशींनी आमची वडी घेतली, पण माझ्या हसऱ्या बगळ्याकडे डोळे बारीक करून बघतच. "यापुढे काही करायचं तर आधी विचार, बाई. नात्यात लपवाछपवी नको."

तेव्हापासून वेष्टनाच्या मागच्या बाजूला सातही बगळे ओळीने छापलेले असतात. त्यांच्या पुढे एक रिकामी चौकट आहे.

मित्रांनो, मी आता काचेच्या पेटीत असतो. एकदा अजून घासलं असतं तर तडकलो असतो, म्हणून वड्यांचं काम नवं यंत्र करतं. लोक येतात, माझं कौतुक करतात. कौतुकाचाही मला संशय येतो. तरी तुम्हाला एवढंच सांगेन. रोज हातात येणाऱ्या वस्तूकडे कधीतरी पहिल्यांदा पाहिल्यासारखं बघा. आणि तुम्ही स्वतः बदलाल, बदलणारच, तेव्हा आपल्या माणसांना सांगून बदला. त्यांनी दुसऱ्याच्या तोंडावर तुमची ओळख शोधू नये.

मला पहिल्यांदा कोरलं, तेव्हा काकांच्या टेबलावर नमुना म्हणून दुसऱ्या एका कारखान्याची बगळ्याची वडी ठेवलेली होती.