कर्नलची सासू

काही कलाकृतींवर काळाचा अंमल चालत नाही. त्यांची कथा इतकी सखोल असते, की पिढ्या बदलतात आणि तिचा अर्थ नव्याने उलगडत जातो. कंपालातल्या न्देबा भागात, हाजी न्सेरेकोंच्या पत्र्याच्या हॉलमध्ये असा एक अंतराळातला व्हिडिओ गेम सोळा वर्षं दर रविवारी चालत होता. तो जपानीत होता, आणि न्देबात जपानी कुणालाच येत नव्हतं.

त्याने काही अडलं नाही. पडद्यावर परदेशी सिनेमा चालू असताना माइकवरून तो लुगांडात समजावून सांगणारा माणूस तिथल्या प्रत्येक हॉलला असतो, तसा इथे लुब्वामा होता. एकजण खेळायचा, साठजण बघायचे, आणि लुब्वामा बोलायचा. पात्रं काय म्हणतायत हे तो त्यांच्या भुवयांवरून ओळखत असे.

त्याच्या सांगण्याप्रमाणे चिलखतातला नायक म्हणजे मसाकाचा कर्नल कसीर्ये. बायको रुसून माहेरी गेलेली. माहेर दुर्दैवाने दुसऱ्या ग्रहावर. वाटेत अंगावर येणारे यंत्रमानव हे मेव्हणे. आणि शेवटचा तीन मजली लोखंडी खेकडा, ती सासू. बुगांडात, म्हणजे कंपालाभोवतीच्या त्या मुलखात, जावयाने सासूच्या नजरेला नजर द्यायची नसते, अंगाला अंग लागणं तर दूरच. कर्नल खांबामागे लपून, तोंड वळवून गोळ्या का झाडतो, याचं याहून सुसंगत स्पष्टीकरण खुद्द जपानी लेखकालाही देता आलं नसतं. एकदा खेळणाऱ्याच्या हातून कर्नलचा खांदा खेकड्याच्या पायाला घासला, तेव्हा निवृत्त मुख्याध्यापक वालुसिंबी उठून बाहेर गेले आणि दोन रविवार आले नाहीत.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली. चित्र लखलखीत, खाली इंग्रजी अक्षरं. हाजींनी ती आणली आणि लुब्वामाला प्रेमाने सांगितलं, की लोक आता स्वतः वाचतील, तेव्हा माइक नको. हवं तर दारात तिकिटं फाड. चाळिशीतल्या लुब्वामाला बोलण्याखेरीज काहीच येत नव्हतं, आणि आता पडदाच बोलणार होता. तो दारात उभा राहिला.

पडदा बोलला. नायक एका कंपनीचा दुरुस्ती कामगार निघाला. तळावरची शीतयंत्रणा बदलायला आलेला. अविवाहित. खेकडा हे बिघडलेलं सफाईयंत्र होतं.

वालुसिंबी उभे राहिले. त्यांच्याइतकं इंग्रजी न्देबात कुणालाच येत नसे.

"हाजी, हे भाषांतर कुणी केलंय?"

"कंपनीनेच केलंय, मास्तर."

"मग कंपनीला जपानी येत नाही. सासू कुठाय?"

"ते झाडलोट करायचं यंत्र आहे म्हणतात."

"झाडलोटीच्या यंत्रापुढे कुणी मान वळवून उभं राहतं का? जावई असल्याशिवाय माणूस इतका वेळ खांबामागे बसेल?"

मागच्या बाकावरून, भाजलेली कणसं विकणारी नाकिबूका म्हणाली, "मी त्या रुसून गेलेल्या पोरीसाठी सोळा वर्षं डोळे पुसतेय, आणि आता म्हणता ती नव्हतीच? उद्या तुमची बायको नव्हतीच म्हटलं तर चालेल का?"

हाजींनी स्वतःच्या बायकोला मध्ये न आणण्याची विनंती केली, पण निकाल लागला होता. इंग्रजी करणाऱ्याला मूळ कथा कळलेलीच नव्हती. कथेचा आत्मा हरवला, असं वालुसिंबींचं मत पडलं आणि ते सर्वांनी मान्य केलं. हाजींनी लुब्वामाला आत बोलावलं. बोलावल्याबरोबर आत जाणं कलावंताला शोभत नाही, म्हणून त्याने दारात कुणी नसताना आणखी तीन तिकिटं फाडली. मग येऊन माइक हातात घेतला. टाळ्या पडल्या. मूळ ते मूळच, असं कुणीसं म्हणालं.

खेळाची जुनी चकती लावली. नव्या आवृत्तीला जागा व्हावी म्हणून हाजींनी यंत्राची मेमरी पुसली होती, त्यामुळे खेळ अगदी पहिल्यापासून सुरू झाला, आणि पहिल्या दिवसानंतर सोळा वर्षांत कुणी न पाहिलेला एक पडदा समोर आला. त्यावर भाषा निवडायची होती. वरच्या ओळीत जपानी अक्षरं होती, खालच्या ओळीत इंग्रजी. लुब्वामाने घसा खाकरला आणि वरची ओळ दाबली.

जुन्या चकतीत इंग्रजी पहिल्यापासून होतं.