एका कंप्युटरला दोन नारळ

"एका मशीनला दोन नारळ? ही कुठली रीत?" चेअरमन नानासाहेब कंप्युटरच्या खोलीच्या दारातच थबकले.

सत्त्याऐंशी सालची खंडेनवमी. साखर कारखान्यात सकाळपासून पूजा चालली होती. बॉयलर, वजनकाटा, टाईपरायटर, ज्याला त्याला एकेक नारळ. कंप्युटर चालवणाऱ्या वनमालानं त्याच्यापुढं मात्र दोन मांडले होते.

"साहेब, डबा एक आहे, पण त्याला चालवणाऱ्या सिस्टीम दोन आहेत," ती म्हणाली. "पत्रव्यवहार एकीवर, ऊसनोंद दुसरीवर."

नानासाहेबांना उमगेना. मी पुढं झालो. मी स्टोअरकीपर, कंप्युटरशी माझा संबंध त्यावरची धूळ पुसायचं फडकं देण्यापुरता. पण कुणी न विचारता पुढं होणं हा माझा जुना रोग. म्हणालो, "आवो, ऊसतोडीच्या एका टोळीला दोन मुकादम असल्यागत हाय. सकाळी एकाचं ऐकायचं, दुपारी दुसऱ्याचं."

"मंग दोघांचं लायसन हाय न्हवं?"

वनमालानं मान खाली घातली. "एकाचंच आहे. ऊसनोंदीची सिस्टीम कंप्युटर बसवणाऱ्या इंजिनियरनं दुसऱ्या कारखान्याच्या फ्लॉप्यांवरून चढवलीय. तिचं लायसन घ्यायला मी तीनदा अर्ज दिला, साहेब."

"आगं, एका घरात दोन भाऊ ऱ्हात्यात म्हणून आपुन दोन घरपट्ट्या भरतो का?" नानासाहेब हसले. सगळे हसले.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण भोवती दहा-पंधरा माणसं, हातात प्रसादाचं खोबरं आणि ऐकायला कान टवकारलेले. "हसू नका सायेब," मी म्हणालो. "दिल्लीचं पथक सुटलंय म्हणं. जीपमधनं येतंय. डॉक्टरवानी नळी लावून डब्याचं काळीज ऐकत्यात. एक ठोका आला तर ठीक. दोन आले, की आपरेटरच्या हातात तिथंच बेड्या! परवा एका बाईला तशीच दिल्लीला नेली. रेल्वेत बिचारीला खिडकीची जागाबी दिली न्हाय."

लोक पोट धरून हसले. वनमाला हसली नाही. ते मी पाहिलं होतं, म्हणून तर आज हे लिहायला बसलोय.

तुळजापूरच्या एका रिटायर कारकुनाची ही थोरली पोर. आख्ख्या ऑफिसात बाईमाणूस ती एकटीच. पहाटेची एसटी धरून यायची. दिवाळीनंतर तिला नोकरीत कायम करायचं ठरलं होतं.

चौथ्या दिवशी फाटकातून एक जीप आत आली. सफारी घातलेला, बॅगवाला माणूस उतरला. मी स्टोअरच्या खिडकीतून ओरडलो, "वनमाला, आले गं दिल्लीवाले!" आणि हसत हसत खिळे मोजायला बसलो.

तो माणूस बोअरचं पाणी तपासायला आला होता.

तो बोअरपाशी पोचायच्या आत वनमालानं बिनलायसनची सिस्टीम कंप्युटरवरून पुसून टाकली. तिच्याबरोबर सगळ्या तालुक्याची ऊसनोंद गेली. कोणाची लागण कधीची, कोणाच्या तोडीची पाळी कितवी, सगळं. तिनं दुसरी प्रत करायला कोऱ्या फ्लॉप्या मागितल्या होत्या, त्या मंजूर झाल्या नव्हत्या. जुन्या वह्या कंप्युटर आला त्याच आठवड्यात रद्दीत गेल्या होत्या. विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या जागी वाळत होता. ज्याची पाळी चुकेल त्याच्या उसाचं सरपण होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

नानासाहेबांनी तिला बोलावलं. मी त्यांच्या खुर्चीमागंच उभा होतो.

"पथक आलं म्हणून कुनी सांगितलं तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "कुणी नाही, साहेब. जीप बघून मलाच वाटलं."

मी खाकरलो. नानासाहेबांनी वळून विचारलं, "काय तात्या?" मी म्हणालो, "काय न्हाय. घसा."

तिला कायम करायचा ठराव रद्द झाला. नोंद पुन्हा उभी करून द्यायची आणि घरी जायचं, असं ठरलं.

आठ दिवस ती फाटकाशी टेबल मांडून बसली. गावोगावचे सभासद ओळीनं येत होते. पुरावा कुणापाशीच नव्हता. माणूस सांगेल तो शब्द धरून ती लिहीत होती. जळकोटची बनाबाई म्हणाली, "गेल्या साली नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी लावला बघ, माय." वनमालानं पंचांग उलटलं, तारीख काढली, लिहिली.

बनाबाईमागं मी होतो. माझाही दीड एकर ऊस होता. आधी माफी मागायची आणि मग तारीख सांगायची, असं ठरवून आलो होतो. पण मागं माणसं उभी होती. मी नुसतं म्हणालो, "पोळ्याच्या आदल्या दिशीची लागण." खरं होतं. आईशप्पथ, खरं होतं.

तिचं पेन थांबलं.

"तात्या, तुम्हाला तलाठ्याचा दाखला आणावा लागेल."

"बनाबाईला न्हाय लागला?"

"त्यांना नाही लागला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी बोलून मी तो हसण्यावारी नेला असता.

"उद्या आणलात तरी चालेल," ती म्हणाली. "पाळी जाणार नाही तुमची. जागा ठेवते."

तिनं वहीत एक ओळ कोरी सोडली आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "नाव?"