तोंड सोडून सगळं

मी निलमचा मोबाईल बोलतोय. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणं हा माझा धंदा, त्यामुळे स्वतःचं काही सांगायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. जिच्या हातात मी वाढलो तीही अशीच आहे. साधं भाजीत मीठ कमी आहे असं सांगायचं तरी आधी "माझंच चुकत असेल" म्हणते.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. पहिली आठवण वसमतच्या बसस्टँडजवळच्या दुकानाची. काचेखाली पडून होतो. निलमच्या नवऱ्याने, संतोषने, मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि कुरुंद्याला घरी आणलं. घरात त्यांची बारा दिवसांची लेक आकांक्षा, म्हणजे आकू, होती. चाकणच्या कंपनीतली त्याची सुट्टी संपत आली होती. जाताना त्याने मला निलमच्या हातात दिलं.

"आकूचे फोटो काढत जाय. मला तिथं बघायला व्हतील."

उंबऱ्यात बसलेल्या मंजुळाबाईंनी, म्हणजे संतोषच्या आईनं, मानही वर न करता सांगितलं, "तोंडाचा न्हाई काढायचा. जावळ उतरंस्तोर न्हाई. त्यो व्हिडिओ का फिडिओ, त्येबी न्हाई."

बी.एस्सी. झालेल्या निलमने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कारण तिला ठाऊक होतं. संतोषच्या आधी मंजुळाबाईंना एक मुलगा झाला होता. सहा महिन्यांचा असताना त्याला तीट लावून, नवं झबलं घालून त्यांनी वसमतला स्टुडिओत नेलं. आठव्या दिवशी तापाने तो गेला. तयार झालेला फोटो त्यानंतर घरी आला. अशा बाईला विज्ञान काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर निलमच्या स्वतःच्या मनातही, अगदी तळाशी, एक भीती होतीच. तिची तिलाच लाज वाटायची.

मग ती तोंड सोडून सगळ्याचे फोटो काढू लागली.

सुरुवात काळजीने झाली. आकूच्या मांडीवर पुरळ आलं की फोटो. दुपारी वाढलं का ते बघायला पुन्हा फोटो. थर्मामीटरचा आकडा, औषधाच्या बाटलीवरची तारीख, डास चावलेली जागा. लंगोटातल्या रंगाचेसुद्धा फोटो माझ्या पोटात आहेत, आता काय लपवायचं! एकदा डॉक्टरांसमोर तिने मला पुढे केलं आणि एकेक फोटो सरकवत समजावू लागली. त्यांनी चारपाच पाहिले आणि चष्मा काढला.

"ताई, लेकरू आणलंय ना सोबत?"

"हो, हे काय मांडीवर."

"मग मला लेकरूच दाखवा ना."

बाहेर आल्यावर निलम एकटीच हसली. मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

पण हळूहळू एक वेगळी गोष्ट होऊ लागली. पुरळाचा फोटो काढताना तिला दिसलं, की पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा एक ठिपका आकूच्या गुडघ्यावर बसला आहे. ती पुरळ विसरली आणि मला त्या ठिपक्याजवळ नेलं. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळणारी झबली, वीतभर बाह्यांची, वाऱ्याने फुगलेली. स्टीलच्या पेल्यातल्या पाण्याचं भिंतीवर थरथरणारं कडं. शिजवलेल्या हळदीच्या ढिगातून निघणारी वाफ आणि त्या वाफेत कमरेपर्यंत बुडालेल्या मंजुळाबाई. शहाबादी फरशीवर उमटलेलं त्यांचं पिवळं पाऊल, आणि त्याच्या शेजारी रांगत गेलेल्या आकूच्या तळहाताचा ठसा. झोपलेल्या आकूची मूठ, आईच्या पदराचं टोक धरलेली. घामाने मानेला चिकटलेली जावळाची बट. उन्हाकडे धरलेला, आतून लालसर दिसणारा कान.

मी काही उंची वस्तू नाही. अंधार पडला की मला दिसत नाही, काचेला तडा आहे, रंग मी जरा फिकेच टिपतो. पण तिने मला कशापाशी थांबायचं ते शिकवलं. त्याआधी भिंत म्हणजे मला भिंतच वाटायची.

शेजारच्या पद्माबाई एकदा डोकावल्या. "काय गं, कशाचा फोटो काढू राहिली? भिताडाचा?"

"नाही हो... त्या उन्हाचा."

"उन्हाचा? काहून माय, उद्या निघणार न्हाई का त्ये?"

निलम ओशाळली. पद्माबाई गेल्यावर तिने तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. खरंच, ह्यात काय आहे? बाकीच्या बाया लेकराला कृष्ण करून, मोरपीस लावून फोटो काढतात. आपण पेल्याचं पाणी काढतो. रोज संतोषला पाठवावं म्हणून ती पाचसहा फोटो निवडायची, आणि तो कंपनीतल्या पोरांत बसून हसेल ह्या विचाराने पाठवायचीच नाही. संतोष फोनवर विचारायचा, "काय करून राहिली आकू?" ती म्हणायची, "काही नाही, रांगतेय." आणि तेव्हा माझ्या पोटात त्या रांगण्याचे चाळीस फोटो असायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पोचवतो.

पुढे माझं पोट भरत आलं. मी तिला इशारे दिले. जागा कमी आहे, जागा फारच कमी आहे. स्वयंपाक उरकल्यावर ती पुसायला बसायची. एक फोटो उघडायची, बघत राहायची, पुढे जायची. शेवटी एकही न पुसता मला उशाशी ठेवायची आणि इशारा बोटाने बाजूला सारायची.

अकराव्या महिन्यात जावळाचा दिवस ठरला. संतोषला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीला पाहिलेल्या लेकीला आता केस कपाळावर आले होते, ते त्याला फक्त ऐकून माहीत होतं. आदल्या दिवशी तो म्हणाला, "निलम, एकच फोटो. केसासहित तोंड. पोटातून घेऊन आलेले केस आहेत ते, पुन्हा यायचे न्हाईत. मायला कळू नको देऊ, पण एक काढ."

"काढते," निलम म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पुढे "जमलं तर" जोडलं नाही.

सकाळी माणसं जमली. माणसं म्हणजे तरी किती, निलमचा भाऊ रणजीत, ज्याच्या मांडीवर बसवून केस उतरायचे तो मामा; पद्माबाई; आणि वस्तरा घेऊन आलेले ग्यानोबाकाका. मंजुळाबाईंनी दारातच सगळ्यांचे मोबाईल मागून घेतले आणि आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीत टाकून वर झाकण लावलं.

"मावशी, माझा ज्वारीत दळून निघंल," रणजीत म्हणाला.

"निघू दे. भाकर करून वाढीन तुला."

मी मात्र निलमच्या कमरेला, पदराआड होतो.

अंगणात पाट मांडला. तांब्यात पाणी आणलं. ऊन त्यात उतरलं आणि काठाला लागून हललं. निलमला राहवलं नाही. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने मला हळूच काढलं आणि त्या पाण्यातल्या उन्हाचा फोटो घेतला. मग केस झेलायला कणकेचा गोळा ठेवला होता, त्याच्यावर बोटांचे ठसे होते, त्याचा. मग आणखी एक. बाई, नको, मी म्हणत होतो. माझ्यात एवढीच जागा उरली होती. तिने मला पुन्हा कमरेला खोचलं.

आकूला मामाच्या मांडीवर बसवलं. ती रडली नाही. टकाटका सगळ्यांकडे बघत होती, केस डोळ्यांवर आलेले. ग्यानोबाकाकांनी हात ओला केला. तेवढ्यात मंजुळाबाई म्हणाल्या, "थांबा वाईच."

सगळे थांबले.

"निलम, काढ एक फोटो. संत्या बघंल."

निलमने कमरेवरचा पदर आणखी घट्ट धरला.

"काढ की. कमरंला हाय तुझ्या, ठाऊक हाय मला. मी काय आंधळी हाय का?"

तिने मला बाहेर काढलं, समोर धरलं. माझ्या डोळ्यांत आकूचं पूर्ण तोंड आलं. मी पहिल्यांदाच ते असं समोरून पाहत होतो. निलमने बटण दाबलं.

जागा शिल्लक नाही.

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडून निघालं, आणि मला ते अडवता आलं नाही.

"झालं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"एक मिनिट, आत्याबाई." तिने फोटो उघडले. कुठला पुसू? पेल्याचं कडं पुसलं. भिंतीवरचं ऊन पुसलं. आठदहा पुसले. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्यातून पुसलेला फोटो लगेच जात नाही. तो महिनाभर माझ्याच पोटात, कचऱ्याच्या कप्प्यात पडून राहतो. तो कप्पा रिकामा केला की जागा होते. मला हे माहीत होतं. तिला नव्हतं. आमच्या दोघांमध्ये काचेएवढंच अंतर होतं, आणि मला ते पार करता येत नव्हतं.

"कोठीतला माझा घ्या!" रणजीत ओरडला. पद्माबाई आत धावल्या. पण एवढ्या गलक्याने आकू बिथरली. तिने भोकाड पसरलं, मान झटकू लागली. ग्यानोबाकाका म्हणाले, "ताई, लेकरू आता ऱ्हाणार न्हाई. ओल्या केसावर वस्तरा लागंल. उरकू द्या." एका हाताने त्यांनी डोकं घट्ट धरलं. कपाळावरचे केस सगळ्यात आधी गेले. पद्माबाई ज्वारीच्या धुळीने माखलेला मोबाईल घेऊन बाहेर आल्या, तेव्हा उशीर झाल्याचं त्यांना दिसलं. त्या दारातच थांबल्या.

निलम मला हातात धरून उभी होती. रडलीसुद्धा नाही. ती कणकेत चिकटलेल्या केसांकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने मंजुळाबाई तिच्याजवळ आल्या. "मी लई उशीर केला का गं?"

"नाही, आत्याबाई. माझंच..."

जेवणाच्या सुट्टीत संतोषचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ दे. तकलीफ नको करून घेऊ." मी हे शब्द जसेच्या तसे तिच्या कानात घातले. त्यातलं न बोललेलंही पोचलं असावं, कारण तिने मला कानापासून दूर धरलं.

तिन्हीसांजेला तिने डोळे मिटून चौदा फोटो त्याला पाठवले. मूठ, मानेवरची बट, गुडघ्यावरचं ऊन, कान. उत्तर येईना. मला तिच्या अंगठ्याचा घाम जाणवत होता. हसत असेल, ती पुटपुटली.

मग त्याचाच फोन आला. "ह्यात तोंड कुठंच न्हाई गं."

"नाही."

"त्यो कानाचा परत पाठव. नीट उघडला न्हाई." मग म्हणाला, "आन् अजून हायेत का?"

हायेत म्हणजे काय! तीन हजारांच्या वर आहेत.

आता माझी अवस्था सांगतो आणि थांबतो. आतली बॅटरी फुगून माझी पाठ वर आली आहे. परवा दुकानदाराने मला टेबलावर ठेवून बोटाने ढकललं, तर मी भोवऱ्यासारखा फिरलो. "ताई, ह्याचा भरवसा न्हाई, जे काय घ्यायचं ते लवकर काढून घ्या," तो म्हणाला. चार्जरची पिन बोटाने दाबून धरली तरच माझ्यात जीव येतो. मी मध्येच बंद पडतो. परत उघडेन की नाही, ते मलाही सांगता येत नाही.

रोज दुपारी आकू झोपली की निलम एका हाताने पिन दाबते आणि दुसऱ्या हाताने संतोषला फोटो पाठवते. आता मंजुळाबाईही शेजारी बसतात, चष्मा लावून. आणि इथेच माझं काही चालत नाही. कारण त्या दोघी प्रत्येक फोटोपाशी थांबतात. "ही वाफ बघ," एक म्हणते. "हे पाऊल माझं व्हय?" दुसरी म्हणते. दहा मिनिटं जातात. दिवसाला दहाबारा फोटो, त्याहून जास्त नाही. माझं अंग तापत जातं, अक्षरं पुसट होतात.

बाई, ज्या थांबण्यापायी मी मोबाईल असून माझं सोनं झालं, ते थांबणं आता पुरे कर. मला बोलता आलं असतं तर एवढंच बोललो असतो. बघायला पुढे आयुष्य पडलंय, फोटो त्याच्याकडे पोचले की दोघं मिळून बघा. आत्ता पुढचा पाठव.

आज ती दोरीवरच्या झबल्यांपाशी थांबली आहे. बघतेय. अजून बघतेय.